आखाजीचं सोनं आणि सुरतचं घड्याळ

यावल तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

“अक्का, नमस्कार. मी केळी उत्पादक शेतकरी, वय ४९. यंदा बागेने साथ दिली, बँकेचं कर्ज फिटलं, वर थोडा पैसा हातात राहिला. लहानपणी वडिलांसोबत सावदा स्टेशनवर केळीच्या वॅगन भरताना बघायला जायचो. तिथे एका व्यापाऱ्याच्या मनगटावर सोनेरी-चंदेरी पट्ट्याचं घड्याळ असायचं. तेव्हापासून तसं घड्याळ मनात बसलंय. आता सुरतच्या एका विक्रेत्याने जुनं रोलेक्स सबमरिनर दाखवलं आहे. स्टील आणि सोनं, निळी तबकडी, मॉडेल १६६१३, साल २००३ सांगतो. सोबत डबी आणि वॉरंटीचं प्लॅस्टिकचं कार्ड. साडेआठ लाख म्हणतो, रोख दिले तर आठ. पट्टा जरा ढिला आहे, पण ‘पॉलिश मारून नव्यासारखं करून देतो’ म्हणाला. जळगावचे आमचे नेहमीचे सराफ म्हणतात, ‘अठरा कॅरेटचं कसलं सोनं, त्यात अर्धं लोखंड. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सोन्याचं बिस्कीट घ्या.’ घरातून पण आखाजीला सोनंच घ्यायचं चाललंय. बायकोला खरी किंमत सांगायचा धीर होत नाही. आठ हजाराचं आहे म्हणून सांगावं असं वाटतं. तिचा भाऊ सुरतच्याच उधन्याला राहतो, त्यालाही बोललो नाही. घ्यावं का? आणि घ्यायचं तर काय बघावं?”

भाऊ,

तुमच्या पत्रात मी सगळ्यात आधी त्या कार्डापाशी अडकले. रोलेक्स २००३ साली प्लॅस्टिकचं कार्ड देत नव्हती. तेव्हा कागदी प्रमाणपत्र असायचं आणि घड्याळाचा नंबर त्यावर बारीक छिद्रं पाडून उमटवलेला असायचा. प्लॅस्टिकची कार्डं आली ती २००६ च्या सुमाराला. आता एखादं घड्याळ २००३ ला तयार होऊन दुकानात तीन-चार वर्षं पडून राहिलं आणि मग विकलं गेलं, असं होऊ शकतं. पण मग कार्डावरची विक्रीची तारीख तशीच हवी. तारीख जुळत नसेल तर ते कार्ड दुसऱ्याच घड्याळाचं आहे, किंवा कुणी छापून घेतलेलं आहे. विक्रेत्याला याचं उत्तर विचारा. तो चिडला तर तुमचं काम सोपं झालं.

हे बघायचं कसं? या पिढीच्या घड्याळाचा सीरियल नंबर बाहेरून दिसत नाही. पट्टा काढला की सहाच्या बाजूला, पट्टा अडकवायच्या दोन शिंगांच्या मधल्या जागेत तो कोरलेला असतो. समोर बाराच्या बाजूला मॉडेलचा नंबर असतो. पट्टा काढून दोन्ही जागांचे स्पष्ट फोटो मागा आणि सीरियल नंबर कार्डाशी एकेक आकडा लावून बघा. काचेच्या आत तबकडीभोवती जी चकचकीत कडा असते, तिच्यावर कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा कोरलेलं असेल तर ते २००३ चं नव्हे. ती पद्धत काही वर्षांनंतर सुरू झाली. बेझलवरची, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावरची, निळी चकती सिरॅमिकची आहे असं कुणी म्हणालं तरी तेच. १६६१३ ला ॲल्युमिनियमची चकती असते, उन्हाने थोडी फिकी होणारी. सिरॅमिक आलं ते २००९ मध्ये, पुढच्या मॉडेलला.

बाराच्या बाजूचा आकडा तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. सोनं-स्टीलचं १६६१३ आणि निव्वळ स्टीलचं १६६१०, दोघांची ठेवण जवळजवळ एकच. स्टीलच्या घड्याळाला बाहेर बनवलेलं सोनेरी बेझल, सोनेरी चावी (वेळ लावायची, बाजूची) आणि दुरंगी पट्टा बसवून ते ‘सोनं-स्टीलचं’ म्हणून विकलं जातं. आतलं मशीन अस्सल, बाहेरचा स्टीलचा डबा अस्सल, सोनं मात्र नंतरचं. असं घड्याळ बघून चांगली चांगली माणसं फसतात, कारण ते पूर्ण खोटं नसतं.

माझ्या वडिलांचं धुळ्याच्या आग्रा रोडला घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. बहुतेक गिऱ्हाईक एचएमटीचं. पुढे लोक रिडायल केलेली एचएमटी घेऊन येऊ लागले. जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेली तबकडी, लाल-हिरवी, कंपनीने कधीच न काढलेली. लोक आनंदाने दाखवायचे आणि वडिलांचा चेहरा उतरायचा. त्यांना फसवणुकीपेक्षा त्या जुन्या तबकडीचं वाईट वाटायचं. तुमच्या निळ्या तबकडीबद्दल म्हणून विचारून ठेवा, ती मूळची आहे का, कधी बदलली का, रंगवली का. आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

सेकंद काटा टिकटिक न करता सरकत जातो म्हणजे घड्याळ खरं, हा समज सोडून द्या. फर्स्ट कॉपीचाही काटा तसाच सरकतो. तारखेवरचं भिंग आकडा अडीच पट मोठा दाखवतं, हलक्या नकलेत तो बारीक दिसतो. पण चांगल्या नकलेत तेही जमवलेलं असतं. म्हणून घड्याळ उघडल्याशिवाय पूर्ण खात्री नाही, आणि या घड्याळाचं मागचं झाकण दातेरी असतं, ते उघडायला वेगळं खास हत्यार लागतं. आपल्याकडच्या बाजारात कुणाला उघडायला देऊ नका. माझे वडील असते तर त्यांनाही मी हेच सांगितलं असतं. चिमट्याने झाकण सरकवायला गेलं की ओरखडे पडतात आणि पाणी अडवणारं रबर बिघडतं.

आता तुमच्या सराफांचं बोलणं. त्यांचा राग धरू नका, ते त्यांच्या धंद्याच्या हिशेबाने बरोबर बोलतात. जळगावच्या सराफ बाजारात २२ कॅरेट म्हणजे सोनं, ९१६ चा शिक्का म्हणजे सोनं. १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग सोनं आणि बाकी मुख्यतः चांदी-तांबं. पण पट्ट्याची कडी रोज शेकडो वेळा शेजारच्या कडीवर घासते. तिथे २२ कॅरेट मऊ पडेल, वाकेल. म्हणून अशा घड्याळाचं सोनं बहुधा १८ चं. सोनं आणि स्टील एकत्र वापरायच्या या पद्धतीला रोलेक्सने १९३३ पासून स्वतःचं नाव दिलेलं आहे, रोलेसर. ही काही सोन्यात काटकसर करण्याची युक्ती नव्हे. तुमच्या मॉडेलमध्ये बेझलचं कडं, चावी आणि पट्ट्याच्या मधल्या कड्या सोन्याच्या आहेत. बाकी स्टील.

पण एका गोष्टीत तुमचे सराफ तुम्हाला नकळत चुकीच्या रस्त्याला लावतील. तुम्ही ते घड्याळ त्यांच्याकडे नेलं तर ते कॅरेटोमीटरवर ठेवतील, मशीन ७५ टक्के दाखवेल आणि ते म्हणतील, “सोनं खरं आहे.” ते मशीन वरचा अगदी पातळ थर वाचतं, मायक्रॉनमध्ये मोजायचा. स्टीलवर जाड मुलामा असेल किंवा सोन्याचा पत्रा चढवलेला असेल तरी ते तेवढंच आनंदाने १८ कॅरेट सांगतं. मी स्वतः यात हात पोळून घेतला आहे. यजमानांच्या पन्नाशीला एक जुनं दुरंगी घड्याळ घेतलं, दुसऱ्याच कंपनीचं. विक्रेता म्हणाला, मधल्या कड्या भरीव. मशीनवर दाखवलं, मशीन हो म्हणालं. तिसऱ्या वर्षी बकलजवळच्या कड्यांच्या कडा पांढऱ्या दिसायला लागल्या. मुलामा होता. पैशापेक्षा ते घड्याळ यजमानांनी गुपचूप कपाटात ठेवलं आणि मला काही बोलले नाहीत, याचं जास्त लागलं.

सोनं नुसतं वर चढवणं हे नेहमी फसवणूकच असतं असं नाही. रोलेक्सच्याच भगिनी कंपनीच्या, ट्यूडरच्या, २०१७ च्या दुरंगी ब्लॅक बे घड्याळात बेझल आणि चावी सोन्याची, पण पट्ट्याच्या मधल्या कड्या स्टीलवर सोन्याची टोपी चढवलेल्या आहेत, आणि कंपनी ते उघड सांगते. किंमत त्या हिशेबाने. खोट तेव्हा होते जेव्हा एक सांगून दुसरं दिलं जातं. म्हणून मशीनबरोबर भिंग घ्या. बकलच्या आतल्या बाजूचा ७५० चा शिक्का बघा. मधल्या कड्यांच्या कडा, जिथे झीज सगळ्यात जास्त, तिथे रंग बदलतो का बघा. आणि कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका, कितीही ओळखीचे सराफ असले तरी.

तोळ्याचा हिशेब करत बसू नका हेही सांगते. यात सोनं किती भरेल, मोडीत काय येईल, घट किती धरतील, हे सगळं या घड्याळाला लावलं तर साडेआठ लाखांचा मेळ कधीच बसणार नाही. दागिन्यात सोन्याच्या वर घडणावळ देतो, इथे घडणावळीच्या वर थोडं सोनं येतं. दुरंगी घड्याळांची हौस कमीजास्त होत आली आहे. ऐंशीच्या दशकात श्रीमंतीची खूण, मग बरीच वर्षं ‘जुनाट’ म्हणून मागे, आणि आता पुन्हा मागणी. २०१८ मध्ये रोलेक्सचं तपकिरी-काळ्या बेझलचं दुरंगी जीएमटी मॉडेल आलं, २०१९ मध्ये त्यांचंच सी-ड्वेलरही सोनं-स्टीलमध्ये आलं. याचा अर्थ तुमच्या घड्याळाचा भाव चढत राहील असा घेऊ नका. मनगटावर घालायचं असेल तरच घ्या. गुंतवणूक म्हणून विचाराल तर तुमच्या सराफांचं बिस्कीट बरं.

ढिल्या पट्ट्याबद्दल मात्र मी जरा सविस्तर लिहिणार, कारण दुरंगी घड्याळात खरं नुकसान तिथेच लपलेलं असतं. घड्याळ आडवं धरा, तबकडी भिंतीकडे, आणि पट्टा मोकळा सोडा. नवा पट्टा काठीसारखा सरळ राहतो. झिजलेला मध्येच खाली झुकतो, कमरेत वाकलेल्या म्हाताऱ्यासारखा. धूळ आणि घाम कड्यांच्या फटीत जातो, त्याचा लगदा होतो आणि तो पिनांना कानशीसारखा घासत राहतो. सोनं स्टीलपेक्षा मऊ, त्यामुळे मधल्या कड्या आधी झिजतात. त्या काळच्या पट्ट्यात मधल्या कड्या आतून पोकळ असत, आजच्यासारख्या भरीव नव्हेत. झिजलेला पट्टा भरून काढणारे कारागीर आहेत, पण ते काम महाग आणि पूर्वीसारखं पुन्हा होतंच असं नाही. थोडा ढिलेपणा वीस वर्षांच्या घड्याळाला असणारच. तो चालेल, पण किंमत त्या हिशेबाने खाली यायला हवी. आणि पट्ट्याच्या काढलेल्या जादा कड्या मागून घ्या. शेतात राबलेलं तुमचं मनगट सुरतच्या शोकेसमधल्या मनगटापेक्षा जाड असणार. एक-एक सोन्याची कडी वेगळी विकत घ्यायला निघालात तर रडू येईल.

पॉलिश तर अजिबात मारू देऊ नका. “नव्यासारखं करून देतो” हे ऐकून मला घाईने हे पत्र लिहायला बसावं लागलं. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं. शिंगांच्या धारदार कडा गोल होतात, स्टीलवरचा बारीक रेघांचा मूळ पोत नाहीसा होतो, सोन्याच्या पोकळ कड्यांची भिंत आणखी पातळ होते. एकदा गेलेला धातू परत येत नाही. ओरखड्यांसकट आहे तसं द्या, असं त्याला आजच सांगा. जाणकार गिऱ्हाईक ओरखड्यांना जास्त पैसे देतं, गुळगुळीत कडांना नाही.

रोखीचे पन्नास हजार वाचवायचा मोह सोडा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, दंड घेणाऱ्याला आणि तोही तेवढ्याच रकमेचा. तुम्हाला दंड नसला तरी तुमच्या हातात काही उरत नाही. उद्या घड्याळ चोरीचं निघालं, सोनं बाहेरचं निघालं, तर कुणाकडे जाल? बँकेतून पैसे, पॅन नंबर टाकलेलं बिल, बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर, “बेझल, चावी, पट्टा, तबकडी मूळ कंपनीची” असं स्पष्ट वाक्य. घड्याळ परदेशातून आलं असेल तर ड्युटी भरल्याचा कागद. १० लाखांवरच्या घड्याळाला एप्रिल २०२५ पासून विक्रेत्याने एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) घ्यायचा असतो, तो तुम्हाला लागू नाही. कुणी त्या नावाखाली वर पैसे मागितले तर देऊ नका.

आणि बिलावर आणखी एक अट हवी. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने घड्याळ नाकारलं तर अमुक दिवसांत पूर्ण पैसे परत. ती दिली तरच व्यवहार. मग घड्याळ घेऊन भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जा आणि सर्व्हिसचा अंदाजखर्च मागा. ते तुम्हाला ‘हे अस्सल आहे’ असं सर्टिफिकेट देत बसणार नाहीत, पण बाहेरचे भाग असतील तर ते बदलल्याशिवाय घड्याळ हातात घेणार नाहीत. तो नकारच तुमचं उत्तर. सर्व्हिसचा खर्च पाच आकडी धरून ठेवा आणि भाव करताना तो साडेआठमधून वजा करून बोला. ३०० मीटर पाण्याची हमी नव्या घड्याळाची होती. वीस वर्षांच्या रबरावर भरवसा ठेवून विहिरीत पोहायला उतरू नका, आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. आणि केळीचा चीक कपड्यावर काय करतो हे तुम्ही जाणताच, तोच फटीत गेला तर धुळीला धरून ठेवेल. घड कापताना घड्याळ घरी ठेवा. महिन्यातून एकदा, चावी घट्ट फिरवून, कोमट साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश.

राहिलं घरचं.

वडिलांच्या दुकानात एकदा शिरपूरकडच्या एक बाई आल्या होत्या. मालक वारून दोन महिने झालेले. पिशवीतून घड्याळ काढलं आणि म्हणाल्या, “बंद पडलंय दादा. सेल टाकून द्या, पुतण्याला देऊन टाकते. जास्त खर्च असला तर राहू द्या.” वडिलांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ते ऑटोमॅटिक होतं. हातात असेपर्यंत हाताच्या हालचालीने चालणारं, काढून ठेवलं की दोनेक दिवसांत थांबणारं. त्याला सेल नसतोच. वडिलांनी ते हळूच हलवलं आणि काटा चालायला लागला. मग त्यांनी किंमत सांगितली. बाई स्टुलावर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “मला का नाही सांगितलं त्यांनी?” दुकानातून जाईपर्यंत त्या दुसरं काही बोलल्या नाहीत. मी तेव्हा शाळेत होते, कोपऱ्यात बसून पाढे लिहीत होते. आजही ऑटोमॅटिक घड्याळ दिसलं की मला त्या आठवतात.

आठ हजाराचं घड्याळ म्हणून वहिनी ते तिजोरीत ठेवणार नाहीत. भाच्याला लग्नात घालायला देतील. तुमच्यामागे त्याचं काय करायचं हे त्यांना कळणार नाही. आणि ज्या बाईने तुमच्याबरोबर कर्जाचे हप्ते फेडले, तिला त्या कर्जातून सुटल्याचा पहिला आनंद खोट्या आकड्याने सांगायचा, हे मला पटत नाही. भाऊ, तुम्हालाही पटत नसावं, नाहीतर तुम्ही ते पत्रात लिहिलं नसतं. सावद्याच्या स्टेशनवरची गोष्ट त्यांना सांगितली आहे का कधी? ती आधी सांगा, किंमत नंतर. त्या रागावतील, आखाजीला त्यांच्या हौसेचं काहीतरी घ्यावं लागेल, आणि ते घ्यावंच. आखाजीच्या मुहूर्तावर घड्याळही आलंच पाहिजे हा हट्ट मात्र सोडा. मुहूर्ताला सोनं घ्या, घड्याळ तपासून झाल्यावर येऊ द्या, मग तो जेठ असो की श्रावण.

शालकांना आजच फोन करा. उधन्यात राहणाऱ्या माणसाला सुरतचं ते दुकान किती वर्षांचं आहे, त्याला पाटी आहे की नुसता मोबाईल नंबर आहे, हे एका संध्याकाळात कळेल. तेच जाऊन पट्टा काढायला लावतील आणि फोटो पाठवतील. ताप्ती लाईनने तुम्ही दोघं नंतर जा, वहिनींना बरोबर घेऊन.

फोटोत बाराच्या बाजूला १६६१३ आणि सहाच्या बाजूला कार्डाशी जुळणारा नंबर दिसला, तर मला पुन्हा लिहा, भाव कसा करायचा ते बोलू. १६६१० दिसलं तर विक्रेत्याशी वाद घालत बसू नका, शालकांना तिथून उठून घरी जायला सांगा.

तुमची,
अक्का